ज्योत-परीक्षा : स्वस्त हवी, घाईची नको

मीठ पिवळे, मोरचूद हिरवे, कॅल्शियम विटकरी, पोटॅशियम फिकट जांभळे. शाळेतील ज्योत-परीक्षा बहुधा या तक्त्यापुरतीच उरते. कमी खर्चाचे प्रयोग सुचवणारे लेखही त्यापुढे फारसे जात नाहीत. साहित्य स्वस्त असण्याबद्दल तक्रार नाही. पिंपळे सौदागरच्या शाळेला प्लॅटिनमची तार कशाला हवी? हीटरच्या जुन्या कॉइलची नायक्रोमची तार किंवा रात्रभर द्रावणात भिजवलेली आइसफ्रूटची काडी पुरते. मीठ घरात असते, मोरचूद व पोटॅश खत-औषधांच्या दुकानात मिळतात. तक्रार आहे ती प्रयोगातला प्रश्नच गाळला जातो याबद्दल.

पहिली उणीव म्हणजे कोरी काडी कोणी ज्योतीत धरत नाही. सोडियम सर्वत्र असते, बोटांच्या घामातही. त्यामुळे नुसत्या पाण्यात भिजवलेली काडीही ज्योत पिवळी करू शकते. हे आधी दाखवले नाही, तर पोटॅशचा जांभळा रंग पिवळ्याखाली का लपतो हे मुलांना उमगत नाही. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिल्यास पिवळा अडतो आणि जांभळा दिसतो.

दुसरी उणीव स्पष्टीकरणात आहे. ‘अणूतील इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि रंग दिसतो’ हे सोडियमला चपखल लागू पडते. परंतु कॅल्शियमचा विटकरी रंग मुख्यतः ज्योतीत तयार होणाऱ्या, कॅल्शियम, ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या अल्पजीवी रेणूंचा असतो. तांब्याच्या क्लोराइडने ज्योतीला निळसर छटा येते, तीही रेणूंमुळेच. ‘रंग फक्त धातूवर अवलंबून’ हे विधान म्हणून अपुरे आहे.

तिसरी उणीव ही, की डोळ्याला दिसलेला रंग म्हणजेच पुरावा मानला जातो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात जान्सन यांनी गुंटूर येथून सौरज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमची वाटावी अशी होती. पण सोडियमची जोडरेषा 589.0 व 589.6 नॅनोमीटरवर असते, ही 587.6 वर. त्या फरकातून हेलियम पुढे आले. ते लॉकयर यांनी विजयदुर्गावरून शोधले, असे आपल्याकडे सांगितले जाते. वास्तविक 1868 मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते 1898 च्या ग्रहणासाठी आले. एवढा सूक्ष्म फरक जुन्या सीडीच्या तुकड्यात दिसणार नाही. तरी मेणबत्तीचा सलग पट्टा आणि मिठाच्या ज्योतीतील ठळक पिवळा, हा भेद त्यात नक्की दिसतो.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा. बशीतील क्षारांवर मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचा प्रयोग आकर्षक व स्वस्त आहे, पण अमेरिकेत त्यात विद्यार्थी गंभीर भाजले. 2014 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने तो बंद करण्याची शिफारस केली. मिथेनॉलची अदृश्यप्राय ज्योत आणि भडकणारी वाफ यांचा वर्गात भरवसा धरता येत नाही. भिजवलेली काडी, गॅसची शेगडी, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी पाण्याची बादली एवढ्यावर काम भागते.

पुढच्या तासाला तक्ता फळ्यावर लिहू नये. नाव न सांगता चार काड्या द्याव्यात, त्यांपैकी एक कोरी. कोणती काडी कशाची, आणि ते कशावरून, एवढेच मुलांना विचारावे.