गीतरत्न ते चिता : कास्तेलियोचा खरा वाद

सेबास्तियन कास्तेलियोची ओळख मला श्टेफान त्स्वाइगच्या १९३६ सालच्या पुस्तकातून झाली. एकीकडे जिनीव्हाचा हुकूमशहा कॅल्व्हिन, दुसरीकडे विवेकाचा एकाकी कैवारी. या चित्रावर मी बरीच वर्षे समाधान मानले. आज ते मला अपुरे वाटते. वीर उभा करण्याच्या भरात त्स्वाइगने पंडिताला मागे सारले आहे.

वादाचा आरंभ चितेपाशी नाही, ग्रंथाच्या अर्थापाशी आहे. १५४४ साली जिनीव्हाच्या शाळेचा प्रमुख असलेल्या कास्तेलियोला धर्मोपदेशकाचे पद नाकारले गेले. कारणे दोन. बायबलमधील ‘गीतरत्न’ त्याला रूपक न वाटता प्रेमकाव्य वाटत होते. आणि ख्रिस्ताच्या अधोलोकगमनाचा कॅल्व्हिनने लावलेला अर्थ त्याला पटत नव्हता. न पटलेल्या अर्थाला होकार देणे म्हणजे खोटे बोलणे, एवढेच त्याचे म्हणणे. याखेरीज त्याच्यावर कसलाही ठपका नाही, असा दाखला खुद्द कॅल्व्हिननेच दिला. म्हणजे तेव्हा मतभेदाची किंमत नोकरी होती, प्राण नव्हे.

कास्तेलियो बाझेलला गेला, मुद्रितशोधनावर संसार रेटला, १५५३ साली तेथे ग्रीकचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला, त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणाऱ्या सेर्वेतसला जिनीव्हात जिवंत जाळण्यात आले. पुढच्या वर्षी ‘मार्तिनुस बेलियुस’ या टोपणनावाने पाखंड्यांच्या छळाविरुद्धचा ग्रंथ बाहेर पडला. त्यामागचा मुख्य हात कास्तेलियोचा.

त्याच्या युक्तिवादाचा गाभा पाहा. त्रैक्य, दैवनियोजन हे विषय धर्मग्रंथात स्पष्ट असते, तर त्यांवर शतकानुशतके वाद झालेच नसते. जे संदिग्ध आहे त्यासाठी माणूस मारता येत नाही. ‘गीतरत्न’ वाचणारा, शब्दाशी प्रामाणिक राहणारा वाचकच येथे बोलतो आहे. १५६३ साली, आयुष्याच्या अखेरीस, त्याने संशय घेण्याच्या कलेवरच ग्रंथ लिहायला घेतला, हे मला म्हणूनच अपघाती वाटत नाही.

त्स्वाइगच्या चित्रात न बसणारी बाजूही सांगितली पाहिजे. ईश्वरच नाकारणाऱ्याला शासनाने शिक्षा द्यायला कास्तेलियोची हरकत नव्हती. त्याची सहिष्णुता श्रद्धेच्या कुंपणाआतली होती. आजच्या मोजमापाने त्याला उदारमतवादी ठरवणे म्हणजे त्याच्या ग्रंथावर आपला अर्थ लादणे. नेमके तेच करायला त्याने नकार दिला होता.

कॅल्व्हिनला दिलेले त्याचे सविस्तर उत्तर १६१२ साली छापले गेले, त्याच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी. इतका उशिरा हाती आलेला लेखक निदान नीट वाचावा, एवढे आपण त्याचे देणे लागतो.