बालभय, प्रतीक आणि माळवद

मुलाला दिसणारा राक्षस म्हणजे कुटुंबातील न बोललेल्या ताणाचे प्रतीक, हा मनोवैज्ञानिक भयकृतींचा संकेत आता रूढ झाला आहे. 'क्रिलबाइट' या नॉर्वेतील संस्थेने २०१४ साली काढलेला 'अमंग द स्लीप' हा व्हिडिओ गेम त्याचा नमुना मानता येईल. खेळणारा येथे दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतो. रांगतो, दार उघडता यावे म्हणून खुर्ची ओढतो, आणि अंधारात कापडी अस्वलाला छातीशी धरले की तेवढ्यापुरता उजेड पडतो. मागे लागलेले विद्रूप बाईचे रूप अखेरीस दारूच्या आहारी गेलेल्या आईचे ठरते. आईबाप विभक्त झालेले असतात. शेवटी दारात बापाचा आवाज येतो.

या कृतीचा रूपबंध तिच्या अर्थापेक्षा सरस आहे. टेबलावर काय आहे हे न दिसणाऱ्या उंचीवरून घर पाहायला लावणे, यात बालभयाचे सारे सत्य येऊन जाते. अर्थ सापडला की मात्र उरते ते एका दुखण्याचे निदान.

'तुंबाड' (२०१८) हा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट हिंदी असला तरी त्याचे बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. ही कथाही स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. गावाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतले. जखमी धाकट्याला घेऊन आई बाहेर पडते, आणि साखळदंडातल्या म्हातारीला भरवण्याचे काम विनायकावर येते. येथे भय घरकामाच्या वाटणीतून उपजते. १९१८ मधला हा भ्यालेला मुलगा १९४७ मध्ये आपल्या मुलाला, पांडुरंगाला, त्याच भयाची रीतसर तालीम देतो. भयाचे निदान होत नाही. ते वारशाने पुढे जाते. पांडुरंग आणि म्हातारी या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालनटाने केल्या आहेत. ही योजना निव्वळ सोयीची असली, तरी तिच्यातून निघणारा अर्थ नाकारण्याचे कारण नाही.

तथापि दोन्ही कृती एक गोष्ट गृहीत धरतात: घर उभे आहे, आणि दोष माणसांचा आहे. लोहारा तालुक्यातील सास्तूरला हे गृहीतक टिकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या माणसांवर मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदे कोसळली. आदल्या वर्षीच किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते. त्या माळवदाखाली निजायला नको म्हणणाऱ्या मुलाची भीती कोणत्या कौटुंबिक दोषाचे प्रतीक म्हणून वाचायची? त्याला दटावून निजवणारी आई प्रेमळच असेल, बापही घरातच असेल. मूल बरोबर आणि मोठी माणसे चूक, एवढेच तिथे उरते. आणि चूक म्हणावे तरी कशाला, तेच घर त्यांना परवडणारे होते.

प्रतीकवादी समीक्षेला ही भीती अवघड जाते, कारण ती उलगडून दाखवावी असे तिच्यात काही दडलेले नसते. 'अमंग द स्लीप'च्या सुरुवातीच्या भागात, आईचे गुपित उघड होण्यापूर्वी, सास्तूरच्या त्या मुलाला जागा आहे. बापाचा आवाज येणाऱ्या शेवटच्या दृश्यात ती नाही.