रॅगहॉर्न आणि तेरा वाटेकरी

चौथ्या वाट्याला एक कालवड आली. ‘जेकब’ या जहाजातून ज्या चार कालवडी उतरल्या, त्यांतली ही एक. नाव रॅगहॉर्न. शिंगे वेडीवाकडी, फाटल्यासारखी असणार, नाहीतर असे नाव पडत नाही. तिच्यावर तेरा माणसांचा हक्क होता. पहिला जॉन हाउलँड, मग त्याची बायको एलिझाबेथ, मग जॉन आणि डिझायर ही दोन मुले. पुढे जॉन आल्डन, प्रिसिला, त्यांची दोन मुले आणि आणखी काहीजण. तारीख २२ मे १६२७. ठिकाण प्लिमथ, आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले.

सात वर्षांपूर्वी ‘मेफ्लॉवर’मधून १०२ प्रवासी याच किनाऱ्यावर आले होते आणि पहिल्या हिवाळ्यातच त्यांतले जवळजवळ निम्मे गेले. जे उरले आणि जे मागून आले, त्यांची कुटुंबवार, नावानिशी यादी हवी असेल तर या जनावरांच्या वाटपाकडेच यावे लागते. असंख्य अमेरिकन कुटुंबांची वंशावळ मागे सरकत सरकत या गोठ्यापाशी पोचते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळ, गाव, आजा-पणजा मुद्दाम लिहून ठेवलेले असतात. इथे तसे काहीच नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गायी आहेत, माणसे ओघाने आली आहेत. या कागदाची सगळी गोडी त्या ओघाने येण्यात आहे.

आधी वाटपाची अट पाहा. ज्या लंडनच्या व्यापाऱ्यांनी वसाहतीत भांडवल घातले होते, त्यांचा हिस्सा वसाहतकऱ्यांनी १८०० पौंडांना विकत घ्यायचे ठरवले. सामाईक मालमत्ता आता त्यांची झाली आणि तिची वाटणी आली. गायी-शेळ्या दहा वर्षांसाठी वाटून द्यायच्या, मूळ जनावरे आणि त्यांच्या वाढाव्यातला अर्धा भाग सामाईक राहणार, उरलेला अर्धा सांभाळणाऱ्याचा. आपल्या गावाकडचा माणूस हे वाचून लगेच ओळखेल, ही तर अर्धेलीने दिलेली जनावरे. पण दोन बारकावे खास आहेत. ज्यांच्या चिठ्ठीला उत्तम गाय येईल, त्यांनीच नरजनावरांचा भार सोसायचा. आणि वाटा घरटी नाही, डोईगणिक. तेरा माणसांचा एक, असे बारा वाटे. म्हणजे १५६ माणसे, आणि त्यांत पाळण्यातले मूलही पुरा एक वाटेकरी. या एका नियमामुळे बायकांची आणि तान्ह्यांची नावे कागदावर उतरली. चारच वर्षांपूर्वी, १६२३ मध्ये, जमीन वाटली तेव्हाच्या यादीत बहुतेक ठिकाणी कर्त्याचे नाव आणि पुढे एकरांचा आकडा एवढेच आहे. जे जमिनीच्या यादीने झाकून ठेवले, ते गायीच्या यादीने उघड केले.

आता जनावरांची वर्णने. एकीचे नाव आंधळी कालवड, दुसरी गुळगुळीत शिंगांची, तिसरी पांढऱ्या पोटाची. बाराव्या वाट्याला पांढऱ्या पाठीची मोठी गाय, आणि ती चांगली म्हणून वळूचा सांभाळही त्याच लोकांकडे. तिसऱ्या वाट्यातली तांबडी गाय वसाहतीतल्या गरिबांच्या मालकीची. तिची कालवड आठव्या वाट्याला गेली, तेव्हा लिहिणारा न विसरता नोंदवतो की या कालवडीवरही गरिबांचा हक्क चालू राहील. सातव्या वाट्यात तर कमाल आहे. तिथल्या लोकांना एक काळे वासरू मिळाले आणि शिवाय सहाव्या वाट्यातल्या काळ्या गायीला त्या वर्षी होणारे वासरूही. ते गोऱ्हा निघाले तर पाच वर्षे खच्ची न करता सर्वांच्या उपयोगासाठी ठेवायचे, पुढे त्याचे हवे ते करावे. जे वासरू अजून पोटात आहे, त्याच्या नर-मादी असण्याचाही विचार करून अट घातलेली! इतका काटेकोर हात माणसांची नावे लिहितानाही घसरणार नाही, असा भरवसा इथेच बसतो.

आणि याच जागी मला हा कागद हलवून जातो. अकराव्या वाट्यातल्या कालवडीची आई कोण हे सांगितले आहे: ‘ॲन’ जहाजातून आणलेली पांढऱ्या पाठीची मोठी गाय. म्हणजे आई कळली आणि आई कुठल्या जहाजातून आली तेही कळले. एलिझाबेथ हाउलँडबद्दल मात्र ‘त्याची बायको’ एवढेच. ती कुणाची मुलगी, कुठल्या जहाजातून आली, एक अक्षर नाही. यात कुणाचा तुसडेपणा नव्हता. कालवडीची आई सांगितली कारण वाढाव्याचा हिशेब तिच्यावरून ठरणार होता, आणि एलिझाबेथचे आईबाप कोण हे त्या दिवशी हजर असलेल्या बहुतेकांना ठाऊक असणार. नोंद होते ती वादाच्या शक्यतेची. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कुणी लिहीत नाही, आणि तीच पुढच्यांना सापडत नाही.

सापडली नाही म्हणजे किती, तर हाउलँडच्या वंशजांनी ती गव्हर्नर जॉन कार्व्हरची मुलगी असे धरले. एकोणिसाव्या शतकात प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत उभारलेल्या दगडावरही तेच कोरले गेले. मग १८५५ मध्ये गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डचे हरवलेले हस्तलिखित लंडनच्या बिशपच्या फुलम इथल्या ग्रंथसंग्रहात असल्याचे उघड झाले आणि पुढच्या वर्षी ते छापले गेले. त्याच्या शेवटी ब्रॅडफर्डने मेफ्लॉवरच्या माणसांचा तीस वर्षांनंतरचा हिशेब दिला होता. त्यात स्पष्ट होते की हाउलँडने जॉन टिलीची मुलगी केली. टिली पतिपत्नी पहिल्याच हिवाळ्यात गेली होती आणि ही मुलगी मागे उरली होती. दगड खोटा ठरला. गायींची यादी मात्र खोटी ठरली नाही, कारण जे तिच्या कामाचे नव्हते ते भरायचा प्रयत्नच तिने केला नव्हता. तिच्या त्या मौनाचे मला फार मोल वाटते.

दुसरा वाटा सावकाश वाचावा असा आहे. आयझॅक ॲलर्टन, त्याची बायको फिअर, मग बार्थोलोम्यू, रिमेंबर, मेरी, सारा. पुढे गॉडबर्टसन आडनावाचे तिघे: गॉडबर्ट, सारा आणि मुलगा सॅम्युएल. त्यानंतर मेरी प्रीस्ट आणि सारा प्रीस्ट. शेवटी दोघे सुटे पुरुष. वरवर पाहता तीन वेगळी आडनावे, शेजारीपाजारी असावेत. पण ब्रॅडफर्ड सांगतो की मेफ्लॉवरमधून आलेल्या डेगरी प्रीस्टची बायको ही ॲलर्टनची बहीण. हॉलंडमधल्या लायडन गावच्या विवाहनोंदीत तर बहीणभाऊ दोघांची लग्ने एकाच दिवशी लागलेली दिसतात, ४ नोव्हेंबर १६११. प्रीस्ट पहिल्या हिवाळ्यात वारला, तेव्हा ती आणि मुली अजून लायडनलाच होत्या. तिथे तिने गॉडबर्टसनशी पुनर्विवाह केला आणि सगळे इकडे आले. हे कळल्यावर यादीतल्या ओळी एकमेकींचे हात धरू लागतात. मेरी आणि सारा प्रीस्ट या गॉडबर्टसनच्या सावत्र मुली आणि ॲलर्टनच्या भाच्या. तेरांपैकी अकरा जण एकाच गोताचे. आणि या एका वाट्यात सारा नावाच्या तिघी आहेत: बहीण, बहिणीची मुलगी, आणि ॲलर्टनचे सर्वांत धाकटे लेकरू. बारशाला आत्या नाव ठेवते हे आपण जाणतो. इथे आत्याचेच नाव भाचीला ठेवले असावे. लिहिणाऱ्याने नाते एका शब्दानेही सांगितलेले नाही. त्याने माणसे फक्त जवळजवळ बसवली आहेत.

तिसऱ्या वाट्यात एडवर्ड विन्स्लोच्या घरात रिझॉल्व्हड व्हाइट आणि पेरेग्रिन व्हाइट येतात. पेरेग्रिन मेफ्लॉवर नांगर टाकून उभी असताना जन्मला. बाप पहिल्याच हिवाळ्यात गेला, आई सुझॅनाने १६२१ च्या मे महिन्यात विन्स्लोशी लग्न केले. सुझॅनाचे आडनाव बदलले, मुलांचे नाही, आणि तो फरक पानावर जसाच्या तसा राहिला.

सातवा वाटा स्टीफन हॉपकिन्सचा. बायको, जाइल्स, केलेब, डेबोरा, आणि लगेच निकोलस स्नो व कॉन्स्टन्स स्नो. कॉन्स्टन्स ही हॉपकिन्सचीच मुलगी, मेफ्लॉवरमधून आलेली. तिच्या लग्नाची नोंद कुठेच नाही, पण ते २२ मे १६२७ च्या आधी झाले एवढे या एका ओळीने पक्के होते. आता घरातली मुलगी डॅमरिस कुठे? सातव्यात तेरा भरले होते, म्हणून ती आठव्या वाट्यात तेरावी बसलेली सापडते, सॅम्युएल फुलरच्या लोकांत. घर मोडले नव्हते, फक्त आकडा जुळवायचा होता. ज्याने आठव्या वाट्याची शेवटची ओळ वाचली नाही, तो डॅमरिसला मेली समजून पुढे जाईल. तिची गंमत इथे संपत नाही. पुढे १६४६ च्या सुमारास जेकब कुकशी लग्न करणारी डॅमरिस हॉपकिन्स ही निराळी, असे अभ्यासक मानतात. तिला १६६० च्या दशकापर्यंत मुले होत होती, आणि मेफ्लॉवरमधून आलेली डॅमरिस तोवर पन्नाशीला टेकली असती. थोरली वारली आणि नंतर झालेल्या मुलीला तेच नाव दिले. गेलेल्या लेकराचे नाव पुन्हा ठेवायची तिकडची रीतच होती.

नवव्या वाट्यात रिचर्ड वॉरनची मुले ओळीने आहेत: नॅथॅनियल, जोसेफ, मग मेरी, अ‍ॅना, सारा, एलिझाबेथ, ॲबिगेल. हा क्रम वयाचा मानला की फसलो. पाचही मुली आईबरोबर १६२३ मध्ये समुद्र ओलांडून आल्या, दोघे मुलगे त्यानंतर प्लिमथमध्ये जन्मले. सर्वांत धाकटे दोघे सर्वांच्या पुढे लिहिले गेले. पुढच्याच वर्षी, १६२८ मध्ये, वॉरन वारला. सगळे घर एकत्र असलेले हे चित्र त्यामुळे अगदी वेळेवर टिपले गेले. याच वाट्याच्या शेवटी जॉर्ज सोल, मेरी सोल आणि झकरायह सोल आहेत. मेरीचे माहेर यादी सांगत नाही. पण १६२३ च्या जमीनवाटपात मेरी बकेट नावाची एकटी बाई आहे आणि १६२७ मध्ये त्या आडनावाचे कुणीच नाही. एका यादीतून गेलेली मेरी दुसऱ्या यादीत वेगळ्या आडनावाने उभी राहते. अभ्यासक तिला ‘बहुधा’ या शब्दासह स्वीकारतात, आणि तो शब्द त्यांनी गाळला नाही याचेही कौतुक करावे.

यादीत नसलेल्यांकडे पाहिल्यावाचून तिचे वाचन पुरे होत नाही. हे गाव पॅटक्सेट नावाच्या वाम्पानोआग वस्तीच्या जागी उभे होते. ती वस्ती १६१६ ते १६१९ च्या साथीत ओस पडली होती. हॉबॉमॉक हा वाम्पानोआग आपल्या कुटुंबासह वसाहतीला लागूनच राहत होता. १६२३ च्या यादीत त्याच्या जागेचा उल्लेख येतो. १६२७ च्या १५६ वाटेकऱ्यांत तो नाही, त्याचे घरही नाही. तान्ह्या मुलापर्यंत मोजणाऱ्या न्यायाची कक्षा कुठे थांबली, तेही हाच कागद दाखवतो.

दुसऱ्या वाट्यातली पाचवी, मेरी ॲलर्टन, त्या दिवशी दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या वाट्याला ‘ॲन’मधून आलेली मोठी काळी गाय आणि दोन शेळ्या आल्या, त्यांचा तेरावा हिस्सा तिचा. ती १६९९ मध्ये वारली. मेफ्लॉवरमधून आलेल्यांपैकी तोवर जिवंत राहिलेली ती शेवटची.