धावदोऱ्याचा ताल : वस्त्र, अमूर्त चित्र आणि संगीत

कर्जतमध्ये गोधडीवर लिहायला निमित्त शोधावे लागत नाही; ग्रामदैवत गोदड महाराजांच्या नावातच ती ऐकू येते. मी मात्र गोधडीपाशी पॅरिसमार्गे पोहोचलो. वस्त्रातून जन्मलेल्या अमूर्त चित्राचे संगीत होऊ शकते का, आणि झाले तर चित्रातले नेमके काय त्यात उतरते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

उदाहरण सोनिया दलोने यांचे घेतो. १९११ साली त्यांनी तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवले. मायदेशातल्या शेतकऱ्यांच्या घरी अशी पांघरुणे त्यांनी पाहिली होती. १९१३ मध्ये रंगीत तुकड्यांचाच पोशाख केला आणि तो घालून त्या पॅरिसच्या ‘बाल ब्युलिए’ या नृत्यगृहात गेल्या. त्याच वर्षी त्याच नावाचे चित्र रंगवले : जवळजवळ चार मीटर लांब, नाचणारी जोडपी रंगांच्या कमानींत विरघळलेली. आधी गोधडी, मग पोशाख, मग चित्र असा हा क्रम आहे. म्हणजे इथे फॅशनने चित्राची नक्कल केलेली नाही. चित्रच कापडाच्या मागून आले आहे. ज्या मुलासाठी ते पांघरूण शिवले तो शार्ल दलोने पुढे जॅझचा नामवंत अभ्यासक झाला. यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण माझे कुतूहल तिथून सुरू झाले.

अशा चित्राचे संगीत करायचे म्हटले की पहिला मोह होतो तो रंगाला स्वर लावण्याचा. हा मोह जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने स्वरांना वर्ण दिले आहेत : षड्ज कमळासारखा, मध्यम कुंदासारखा पांढरा, निषाद कर्बुर, म्हणजे कबरा. १९१० च्या ‘प्रोमिथियस’मध्ये स्क्रियाबिनने वाद्यवृंदात प्रकाशाच्या रंगांसाठी स्वतंत्र पट्टी लिहिली. पण त्याला सी मेजर लाल दिसे, तर रिम्स्की-कोर्साकोव्हला तीच स्वरपट्टी पांढरी दिसे. पाश्चात्त्य स्वरपट्टी आणि आपला स्वर या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. तरीही जाणत्यांचे दोन कान एका रंगावर स्थिरावत नसतील, तर अशा कोष्टकावर रचना उभी राहील कशी?

तरी मी करून पाहिले. गेल्या हिवाळ्यात भाच्याला हार्मोनियमवर बसवले, ‘बाल ब्युलिए’ची छापील प्रत समोर ठेवली आणि डावीकडून उजवीकडे एकेका रंगाचा एकेक स्वर वाजवला. चाल निघाली, वाईटही नव्हती. मग त्याने भिंतीवरचे कॅलेंडर काढले, तेच कोष्टक त्याला लावले आणि साधारण तशीच चाल वाजवून दाखवली. म्हणाला, “मामा, चित्र बदललं तरी हे असंच वाजतंय की.” एवढ्या एका वाक्यात ती पद्धत निकालात निघाली. ज्या रचनेला कोणतेही चित्र चालते, ती कोणत्याच चित्राची नसते.

मग काय उतरते? मुसोर्ग्स्कीने १८७४ मध्ये दिवंगत मित्र हार्टमान याच्या प्रदर्शनावर पियानोची रचना लिहिली. त्यातली बहुतेक चित्रे आज उपलब्ध नाहीत, तरी रचना टिकून आहे. तिला बांधून ठेवते ती ‘प्रॉमेनाड’, म्हणजे एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाची चाल. चित्र स्थिर आहे. काळ आला तो पाहणाऱ्याच्या पावलांतून.

हे लक्षात आल्यावर मी आईची गोधडी काढली. वरून पाहिली तर ती दलोनेंच्याच घराण्यातली : लुगड्याचे तुकडे, खणाचे कोपरे, धोतराचे अस्तर. पण तिचा काळ रंगांत नाही, धावदोऱ्यात आहे. आपल्याकडची गोधडी काठापासून आत शिवत नेतात. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा लहान. आणि दोरा रंगाला जुमानत नाही. हिरव्यावरून लालवर जाताना टाका थांबत नाही. आम्ही फेऱ्याला आवर्तन मानले : १६ मात्रा, मग १४, १२, १०, ८, ६. त्रितालापासून दीपचंदी, एकताल, झपताल, केरवा आणि दादऱ्यापर्यंत या मात्रासंख्या आपल्या ओळखीच्याच आहेत. मात्र ठेका बदलत राहिला तर सलगपणा तुटतो, म्हणून नुसती टिचकी ठेवली. तुकड्यावर जितके टाके, तितक्या मात्रा एक स्वर. टाका उसवला असेल तिथे विराम. सम दर फेरीला लवकर येऊ लागली आणि कान आत ओढला गेला. या वेळी कॅलेंडर वाजवता आले नाही. त्यात टाकेच नव्हते.

आक्षेप येईल की ही गोधडीची गोष्ट झाली, चित्राचे काय? त्याचे उत्तर ‘बाल ब्युलिए’मध्येच आहे. त्या कमानी म्हणजे वळणाऱ्या जोडप्यांची पावले आहेत. रंग त्या पावलांवर चढलेला आहे. संगीत करायचे तर त्या वळण्याचे करावे. ज्या चित्रात हाताची वा पायाची अशी हालचाल सापडत नाही, त्याला संगीताने हात न लावलेला बरा.

एक वाद मात्र राहिला. आईच्या गोधडीचा मधला वीतभर भाग शिवायचा राहून गेला होता. म्हणून रचनाही सहा मात्रांच्या फेऱ्यावर, समेआधीच सोडावी, असे माझे म्हणणे. भाच्याला तिहाई हवी होती : “ज्यानं गोधडी पाहिलीच नाही, त्याला वाटेल आपण चुकलो.” मुसोर्ग्स्कीची साक्ष मीच काढली होती, चित्र नसतानाही रचना उभी राहिली पाहिजे. समीक्षक म्हणून मला भाच्याचे मान्य करावे लागले. आम्ही तिहाई घेतो. गोधडीचा मधला भाग मात्र तसाच आहे. तो शिवायचा नाही, असे घरात ठरले आहे.