चिमाजी आप्पा आणि पांढरा चौकोन

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वसईच्या इतिहासावर स्लाइड दाखवण्याचा कार्यक्रम झाला. वक्ते अभ्यासू, चहा गरम, पंखे चालू. म्हणजे टीकेला जागाच नव्हती. पण पहिली स्लाइड आली आणि आमची सोय झाली.

स्लाइड गडद निळी. तिच्यावर चिमाजी आप्पा. आणि आप्पांच्या मागे पांढराशुभ्र चौकोन! जेवायला आलेल्या पाहुण्याने घरचा पाट बगलेत मारून आणावा, तसे हे चित्र आपली पार्श्वभूमी बरोबर घेऊन आले होते. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई १७३९ च्या मे महिन्यात ज्यांनी घेतली, त्यांना हा चौकोन काही फोडता आला नाही.

दोष आप्पांचा नव्हे, जेपेगचा. जेपेगला 'इथे काहीच नाही' असे म्हणताच येत नाही. रिकाम्या जागी कुठला तरी रंग भरावाच लागतो. ती सोय पीएनजीत आहे. पण दुसऱ्या स्लाइडवरच्या पीएनजीमागे चक्क करड्या-पांढऱ्या चौकटी! 'मागे काही नाही' याची खूण म्हणून ज्या दाखवतात, त्या कोणीतरी चित्रातच रंगवलेल्या. कोऱ्या चेकवर शाईने 'कोरा' लिहावे, तसे!

तिसऱ्या स्लाइडवर एक रंग पारदर्शक करण्याची कळ वापरलेली. ही कळ एकच रंग उडवते, पण दिसेल तिथून उडवते. मागचा पांढरा गेला, त्याबरोबर स्वाराचा पांढरा घोडाही गेला. स्वार अधांतरी! आणि कडेचे जे पांढरे नुसतेच पांढऱ्यासारखे होते, ते कोंड्यासारखे चिकटून राहिले.

चौथ्या स्लाइडवर २०१० च्या पॉवरपॉइंटपासून आलेले पार्श्वभूमी काढायचे साधन. मुख्य काय नि मागचे काय, हे ते अंदाजाने ठरवते. चुकले तर आपण खुणा करून सांगायचे. वक्त्यांनी अंदाजच मंजूर केला होता. पडद्यावर निळ्यात तरंगणारे एक आजोबा.

"अरे, वाडी कुठे गेली?" पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या. फोटो त्यांनीच दिलेला, सासऱ्यांचा. मागे केळी होत्या, विहीर होती, रहाट होता.

"बॅकग्राऊंड होती ना आजी, काढली."

"तुम्ही पण?"

हॉल हसला आणि मग एकदम गप्प झाला. फादर दिब्रिटो आणि हरित वसईची मंडळी ज्यासाठी झगडली, ती वाडी काही मागची सजावट नव्हती. चित्र तेच होते. आमचा हॉलही कुणाच्या तरी वाडीवरच उभा असणार.

आम्ही वक्त्यांना सुचवले, की स्लाइडच पांढरी करा, म्हणजे चौकोन दिसणार नाही आणि आजींचा फोटो अख्खा लावा. वक्ते भले माणूस. त्यांनी केलेले बदल रद्द करायची कळ दाबली आणि केळी, विहीर, रहाट सगळे क्षणात परत आले.

आजींनी ती कळ कुठे आहे ते नीट पाहून घेतले. मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ही तिकडे चालते का रे बाबा?"