तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच

पूर्णा नदीचा खारपाणपट्टा नांदुरा तालुक्याला नवा नाही. विहिरीला पाणी असते, परंतु ते खारे असल्याने तहान भागत नाही. आपल्या नियतकालिकांतील ‘साक्ष’ या प्रकारचे लेखन वाचताना पुष्कळदा या विहिरींची आठवण होते. आजार आला, नोव्हेना केली, आजार गेला. एवढाच त्याचा सांगाडा असतो. कृतज्ञता खरी असते, यात शंका नाही. पण ज्याचा आजार गेलाच नाही, ज्याच्या घरातील माणूस प्रार्थना चालू असतानाच निघून गेला, त्या वाचकाच्या हाती काय लागते? आपलीच श्रद्धा उणी पडली की काय, हा सल मात्र त्याच्या मनात रुतून बसतो.

पवित्र शास्त्राने दुःखिताला असे एकटे सोडलेले नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. ते बोलू लागले आणि त्याच्या दुःखात त्याचे पाप शोधू लागले. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर रागावतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र तो योग्य ठरवतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; त्याला समाधानाचा शेवट जोडण्याचा मोह संकलनकर्त्यांना झाला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने तीनदा तीच विनवणी केली. प्याला टळला नाही. मग प्रभूची श्रद्धा उणी होती, असे म्हणण्यास कोण धजेल?

मराठी मनाला ही भाषा परकी नाही. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घरची माणसे गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी भांडले. पण भांडण्यासाठीही ते त्याच्याच दारी गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे येताना तुकोबांचा आधार वाटला, तो उगाच नव्हे.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट पंथाच्या. तरीही हे पुस्तक प्रत्येक कॅथलिक घरात असावे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. पुढील सुमारे पाच वर्षांचा वियोग त्या सांगतात तो कोणतीही सारवासारव न करता. स्वतःचा संताप, हट्ट, सोवळ्याओवळ्याचे वेड यांतले त्या काहीच झाकत नाहीत. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्या श्रद्धेच्या उजेडात मागील अश्रू त्यांनी पुसून टाकले नाहीत. ‘हे सर्व चांगल्यासाठीच घडले’ असा सोपा निष्कर्ष त्या वाचकावर लादत नाहीत. आपल्याच फजितीवर त्या मनमोकळ्या हसतात, आणि त्या हसण्यात कोणाविषयी कडवटपणा उरलेला नसतो. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचा खरा पुरावा हा आहे. तो उपदेशाच्या वाक्यांत सापडत नाही, निवेदनाच्या सुरात सापडतो.

साक्षलेखनाने हा धडा घ्यावा. प्रार्थना फळाला आली की नाही, एवढाच हिशेब मांडला तर देव सावकार ठरतो आणि भक्त कुळ. विश्वास याहून निराळा असतो. मागितलेले मिळाले नसतानाही माणूस रात्री रोझरी हातात घेतो, कदाचित रागाने घेतो, शब्द न सुचता नुसताच बसतो. तरी पाठ फिरवीत नाही. ही साक्ष आपल्या पानांवर क्वचितच येते, कारण तिला सुखान्त नसतो. संपादकांनी ती मागवावी, आणि आपण ती वाचताना ईयोबाच्या मित्रांप्रमाणे बोलण्याची घाई करू नये. त्यांचे पहिले सात दिवस तेवढे आपण गिरवावेत.