वर्गांतील आत्मपरीक्षण आणि ‘श्यामची आई’

शाळेंतील मुलांस स्वतःची ओळख करून घेण्यास शिकवावें, हा विचार अलीकडे शिक्षणाच्या चर्चेंत फार वर आला आहे. १९९० नंतरच्या दशकांत जागतिक आरोग्य संघटनेनें शाळांकरितां जीं दहा जीवनकौशल्यें सांगितलीं, त्यांत ‘स्व-जाणीव’ हें एक होतें. २०१८ सालीं दिल्लीच्या सरकारी शाळांतून आनंदाचा म्हणून एक स्वतंत्र तासच वेळापत्रकांत घालण्यांत आला. आणि आपल्याकडील शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतूनहि हा शब्द आतां सर्रास ऐकूं येतो. हेतु चांगला आहे. परंतु जी गोष्ट ऋषींनीं अरण्यांत जाऊन, आयुष्य वेंचून साधावयाची म्हणून सांगितली, ती अर्ध्यापाऊण तासांत, चाळीस मुलांच्या वर्गांत कशी साधावी, हा प्रश्न उरतोच. मागें एका शाळेंत प्रस्तुत लेखकास असा एक तास पाहावयास मिळाला. मुलांस एकेक छापील कागद देण्यांत आला होता. त्यावर दोन रकाने : ‘माझे गुण’ आणि ‘माझे दोष’. बहुतेक मुलांनीं गुणांच्या रकान्यांत ‘प्रामाणिकपणा’ लिहिला व दोषांच्या रकान्यांत ‘थोडा आळस’. शेजारच्याचें पाहूनच लिहिलें होतें, हें सांगावयास नकोच.

त्या कागदावरून आम्हांस ‘श्यामची आई’ पुन्हा एकदां वाचावीशी वाटली. मातृभक्तीचें पुस्तक म्हणून तें घरोघर आहे; १९५३ सालीं आचार्य अत्र्यांनीं त्यावरून चित्रपट काढला व त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें, तेव्हांपासून तर श्यामची आई हीच काय ती पुस्तकाची नायिका होऊन बसली. रडवें पुस्तक म्हणून नाक मुरडणारे वाचकहि आहेत, व त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण हें पुस्तक आईच्या स्तुतीइतकेंच एका माणसाच्या कबुलीचें पुस्तक आहे, आणि ती कबुली एका शिक्षकाची आहे, इकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं.

साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यांतील पालगड येथें २४ डिसेंबर १८९९ रोजीं झाला. इंग्रजी शिक्षणासाठीं ते दापोलीस मिशनच्या शाळेंत राहिले. पुढें १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत असतांना अवघ्या चारपांच दिवसांत त्यांनीं या पुस्तकाचा मोठा भाग लिहून काढला व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. रचना साधी आहे. आश्रमांत सायंप्रार्थना झाल्यावर मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांस रोज रात्रीं एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. ही चौकट वाचक बहुधा विसरतो; तिचें सारें महत्त्व मात्र सांगणारा कोण, यांत आहे. आई कांहीं येथें स्वतः बोलत नाहीं. मुलगाहि बोलत नाहीं. त्या मुलाकडे मागें वळून पाहणारा एक प्रौढ माणूस ऐकणार्‍यांसमोर आपलीं उणीं काढीत बसला आहे.

पहिल्याच रात्रीची गोष्ट घ्या. वटसावित्रीचें व्रत आहे, आई आजारी आहे, तिच्यानें वडास प्रदक्षिणा घालवत नाहींत. म्हणून ती श्यामला घालावयास सांगते. श्याम नाहीं म्हणतो. आतां यावरून ‘आईची आज्ञा मोडूं नये’ असें तात्पर्य काढणें सोपें आहे. पण गोष्ट सांगणारा श्याम तेवढ्यावर थांबत नाहीं. आपण नाहीं कां म्हटलें, हें तो शोधतो. आळस नव्हता, प्रेमाची वाणहि नव्हती; बायकांचें काम करतांना मुलें हंसतील, ही भीति होती. एवढें नेमकें कारण सांपडणें म्हणजेच आत्मभान. ‘माझ्या अंगीं दोष आहे’ हें म्हणावयास कोणास फारसें लागत नाहीं; ‘त्या दिवशीं त्या वडाखालीं मीं अमक्या मुलांस भ्यालों’ हें म्हणावयास मात्र धैर्य लागतें. पोहण्याच्या गोष्टींतहि तेंच. मुलगा पाण्याला भिऊन दडून बसतो, आई त्यास शोधून शिंपटीनें फोडते, आणि भित्रेपणाची ती लाज पुढें इतक्या वर्षांनीं तो चारचौघांत स्वतः उघडी करतो.

‘मोठा होण्यासाठी चोरी’ या गोष्टीपाशीं तर त्या दोन रकान्यांची अगदींच फजिती होते. पुस्तकें वाचून माणसें मोठीं होतात असें ऐकून श्याम पुस्तकासाठीं पैसे चोरतो. वाचनाची ही ओढ गुणांत लिहावी कीं दोषांत? एकाच कृत्यांत दोन्ही आहेत, व ते एकमेकांत असे गुंतलेले आहेत कीं ते वेगळे करूं जातां दोन्ही फाटतात. सांगणारा ते वेगळे करीतहि नाहीं. उलट चांगल्या कृत्याचीहि झडती येथें घेतली जाते. दापोलीस शिकतांना खाऊचे पैसे सांठवून श्याम धाकट्या भावासाठीं कोट शिवतो, आणि भर पावसांत, तुडुंब भरलेला पर्‍ह्या ओलांडून, तो घेऊन पालगडला पायीं येतो. दुसर्‍या कोणत्याहि बोधकथेंत येथें आईनें मुलास पोटाशीं धरलें असतें. ही आई आधीं विचारते, पैसे कोठले? प्रेमानें केलेल्या गोष्टीसहि हा प्रश्न विचारावा लागतो, हें ज्या मुलास बाराव्या-तेराव्या वर्षीं कळलें, त्यास कागद भरावयास देण्याची गरज नाहीं.

पुस्तकांत दोष नाहीं असें नव्हे. गोष्ट संपली तरी श्यामचें बोलणें पुष्कळदां संपत नाहीं. तो उपदेशाकडे वळतो, उद्गारचिन्हें वाढूं लागतात, आणि ज्या वाचकास गोष्टीनें नुकतेंच आपल्या आंत पाहावयास लावलें होतें, त्याचें लक्ष पुन्हा बाहेर, व्यासपीठाकडे जातें. दुर्दैव असें कीं शाळेनें नेमका हाच भाग उचलला. धड्याखालीं प्रश्न येतो : ‘या पाठावरून तुम्ही काय शिकलांत?’ त्याचें उत्तर मार्गदर्शकांत छापलेलें असतें व मुलांस तें पाठ असतें. चोरीची कबुली अशा रीतीनें चार गुणांच्या उत्तरांत बसते, आणि मूळ पुस्तकांत जें सर्वांत अवघड होतें, म्हणजे सांगणार्‍यानें आधीं स्वतःचें सांगणें, तें गळून पडतें. वर उल्लेखिलेल्या तासाला आम्हीं तेथील शिक्षकांस सहज विचारलें, कीं आपण आपला कागद भरला काय? ते मोकळेपणानें हंसले व म्हणाले, प्रती मुलांच्या पटाप्रमाणें मोजून आल्या आहेत.

गुरुजींच्या स्वतःच्या शिक्षकपणाकडे पाहिलें म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. ते अमळनेरास प्रथम गेले ते तत्त्वज्ञान मंदिरांत, वेदान्ताचे अभ्यासक म्हणून. आत्मा म्हणजे काय याचा तेथें रीतसर अभ्यास होत असे. वर्षभरांत त्यांचें मन तेथून उडालें आणि १९२४ सालीं ते गांवांतल्याच प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. छात्रालयाचें कामहि त्यांच्याकडे आलें. मुलें खोल्या अस्ताव्यस्त टाकून शाळेंत जात. गुरुजी कोणास बोलत नसत. मुलांच्या माघारीं स्वतः केर काढीत, कपडे धुऊन घड्या करून ठेवीत. संध्याकाळीं परत आलेल्या मुलास आपली खोली पाहून जें वाटत असेल, तें कोणत्याहि प्रश्नपत्रिकेनें वाटवितां येणार नाहीं. शिवाय ‘छात्रालय दैनिक’ नांवाचें एक हस्तलिखित ते रोज काढीत. १९३० सालीं ते कायदेभंगाच्या चळवळींत गेले, म्हणजे शिक्षकाचा हा काळ अवघा सहा वर्षांचा. तरी आत्म्याच्या अभ्यासाची त्यांची खरी शाळा मंदिर नसून तें छात्रालय होतें, असें आमचें मत आहे.

येथवर सारें सरळ आहे. परंतु या पुस्तकांत एक गोष्ट अशी आहे, कीं तिच्यापाशीं आजच्या वर्गांतील शिक्षकास थांबावेंच लागेल. ‘देवाला सारी प्रिय’ या गोष्टींत एका महार म्हातारीची मोळी खालीं पडलेली असते व ती उचलून द्यावयास कोणी पुढें होत नाहीं. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरीं येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोंकणांतील ब्राह्मण घरांत यांतलें पहिलें वाक्य फार मोठें होतें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण दुसरें वाक्यहि तेथेंच आहे. वर्गांत हा धडा वाचला जातो तेव्हां सर्व मुलांनीं आपणांस श्यामच्या जागीं कल्पावें, असें गृहीत धरलेलें असतें. ज्या मुलाची पणजी ती मोळी वाहत होती, तें मूल त्याच बाकावर बसलेलें आहे. त्यानें स्वतःस कोठें शोधावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास दापोली तालुका सोडावा लागत नाहीं. आपलें कुटुंब मूळचें रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतलें, असें बाबासाहेब आंबेडकरांनींच आपल्या आठवणींच्या आरंभीं लिहून ठेविलें आहे. त्यांचें आंबडवें गांव आज मंडणगड तालुक्यांत मोडतें. वडील पलटणींतून निवृत्त झाल्यावर मंडळी कायमचें राहावें म्हणून दापोलीस आली, तो बेत फिरला, आणि तीं सातार्‍यास गेलीं. या आठवणींचें नांव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’; त्या इंग्रजींत, ‘श्यामची आई’ निघाली त्याच सुमारास लिहिल्या गेल्या आणि पुस्तिकेच्या रूपानें १९९० सालीं बाहेर आल्या. त्यांत सातार्‍याच्या शाळेचें जें वर्णन आहे, तें फार थोडक्यांत व अगदीं थंडपणानें केलेलें आहे. वर्गांतील क्रमांकाप्रमाणें बसावयाचें नाहीं, कोपर्‍यांत वेगळें बसावयाचें. बसावयाचें गोणपाट स्वतःचें. शाळा झाडणारा गडी त्यास शिवणार नाहीं, म्हणून तें संध्याकाळीं घरीं न्यावयाचें व सकाळीं आणावयाचें. तहान लागली तर शिपायानें नळ सोडला पाहिजे. शिपाई नसेल तर पाणी नाहीं.

हाहि स्व-जाणिवेचाच पाठ होय, आणि तो कोणत्याहि अभ्यासक्रमांत नसतांना पूर्ण शिकविला गेला. तूं कोण आहेस, हें त्या मुलास वर्गानें रोज सांगितलें; बोलून नव्हे, तर बसावयाच्या जागेवरून. आपण आज ‘स्वतःस ओळखा’ म्हणून मुलांस सांगतों, तेव्हां ही गोष्ट विसरतों कीं वर्ग त्यांना ती ओळख आधींच देऊन चुकलेला असतो : कोणत्या आडनांवाला हांक कशी मारली जाते, कोणाच्या बोलीला हंसूं येतें, मागच्या बाकावर वर्षानुवर्षें कोण असतें. श्यामची कबुली आणि हें गोणपाट, दोन्ही एकाच काळांत लिहिलीं गेलीं, एकाच मातीशीं नातें सांगणार्‍या दोन माणसांनीं. एकास आपल्या आंतला दोष शोधावयाचा होता, दुसर्‍यास बाहेरून लादलेला दोष नाकारावयाचा होता. एकच कागद दोघांस देऊन कसें चालेल?

गुरुजींच्या बाबतींत येथें एक गोष्ट नमूद करणें न्यायाचें होईल. मोळी उचलून आंघोळ करणारा मुलगा त्या आंघोळीपाशीं थांबला नाहीं. १९४७ च्या मे महिन्यांत, पंढरपुरास विठ्ठलाचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं प्राणांतिक उपोषण केलें व तें मंदिर खुलें झालें. आईनें घालून दिलेली मर्यादा मुलानें आईचेंच म्हणणें शेवटास नेऊन ओलांडली, असें याचें आम्ही वाचन करतों. मात्र पुस्तकांत ही वाट दिसत नाहीं; तेथें आंघोळ जशीच्या तशी आहे, आणि श्यामच्या पुढच्या आयुष्याची गोष्ट शिक्षकानेंच वर्गांत सांगावी लागते.

तेव्हां आमची सूचना एवढीच, कीं आठवीनववीच्या वर्गांत ‘देवाला सारी प्रिय’ व सातार्‍याच्या शाळेचीं तीं दोन पानें एकाच आठवड्यांत, एकामागून एक वाचावींत. वाचून झाल्यावर पहिल्यानें शिक्षकानें बोलावें. आपण शाळेंत असतांना कोठें बसत होतों, शेजारीं कोण नव्हतें, आणि तें तेव्हां आपल्या ध्यानांत आलें होतें काय, हें सांगावें. मग मुलांना वाटलें तर त्यांनीं लिहावें. त्या वह्या तपासावयास मागूं नयेत.